गरम झाले की रुसणारे इंजिन
सावलीच्या मिस्त्रींसाठी आणि बोटवाल्यांसाठी काही उपयुक्त माहिती

चंद्रपूरहून मूल, मूलहून सावली आणि सावलीहून व्याहाडजवळचा पूल ओलांडला की गडचिरोली. धान, मिरची, बांबू आणि तेंदूपत्त्याच्या व्यापारात असलेल्या आमच्या अनेक वाचकांच्या पायाखालचा हा रस्ता आहे. पुलावरून वैनगंगेकडे पाहिले तर उन्हाळ्यात वाळूच वाळू दिसते आणि पावसाळ्यात तीच नदी काठ ओळखू देत नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील पाऊस आणि गोसीखुर्द धरणातून सोडलेले पाणी एकत्र आले, तेव्हा भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, सावली आणि गडचिरोलीपर्यंतच्या नदीकाठच्या गावांनी काय सोसले, हे येथे वेगळे सांगायला नको. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा याच नदीत उलटला आणि काही घरांचे चूल-उंबरे कायमचे सुने झाले.

ज्या भागात नदी ओलांडणे हा रोजच्या पोटाचा प्रश्न आहे, त्या भागात बोटीचे इंजिन ही चैनीची वस्तू राहत नाही. म्हणून या आठवड्याच्या व्यापार-पानावर आम्ही एका इंजिनाची हकिकत सांगणार आहोत. ती वरवर मिस्त्रीच्या हत्यारपेटीपुरती वाटेल. पण तिच्यात धंद्याच्या सचोटीचा एक धडा आहे, आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बोटवाल्याने करून घ्यावी अशी एक तपासणीही आहे.

तक्रार अशी होती

सावली तालुक्यातील नदीकाठच्या गावचा एक तरुण. त्याच्याकडे फायबरची एक बोट आणि मागे लावायचे तीस घोड्यांचे, पेट्रोलवर चालणारे, इंजेक्शनचे जुने इंजिन. पुराच्या दिवसांत बोट भाड्याने बचावाच्या कामाला जाते. एरवी पलीकडच्या शेतावर माणसे, खताच्या बॅगा आणि मिरचीची पोती नेते. हे इंजिन सकाळी पहिल्या सेल्फला लागायचे. वीस मिनिटे चालून पलीकडे पोहोचायचे. तेथे माल उतरवायला अर्धा तास गेला की मग मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. लागले तरी दोन क्षण गुरगुरून बंद. तासा-दीड तासाने पुन्हा काहीच झाले नाही असे सुरू.

गावात मोटारसायकली, धानाच्या गिरणीची इंजिने आणि पंप दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुण त्यांच्याकडे गेला. ‘‘चाचा, थंडं असलं का एका झटक्यात लागते जी. गरम झालं का मरते.’’ चाचांनी आधी प्लग बदलले. फरक नाही. मग बॅटरी जुनी म्हणून नवी टाकली. फरक नाही. शेवटी, ‘‘पेट्रोलचा पंप गेला बाबा,’’ असे सांगून त्यांनी नागपूरहून पंप मागवला. तो बराच महाग पडला. पंप बसला, बोट नदीत गेली आणि पलीकडे जाऊन पुन्हा रुसली.

पुढे काय झाले ते शेवटी सांगू. मधल्या भागात हा आजार नेमका काय असतो, हे आम्ही जाणकारांकडून समजून घेतले आहे, ते देत आहोत.

कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकली व स्कूटरमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यामुळे सावलीसारख्या गावातील मिस्त्रीच्या हाताखालून रोज इंजेक्शनच्या गाड्या जातात. बोटीच्या इंजिनांत लहान घोड्यांची अनेक इंजिने आजही कार्बोरेटरची आहेत. मोठ्या आणि नव्या चार-स्ट्रोक इंजिनांत मात्र इंजेक्शनच असते.

कार्बोरेटरमध्ये इंजिनाची ओढ पेट्रोल खेचून घेते. इंजेक्शनमध्ये विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे लोटतो. बहुतेक बोटींत आणि मोटारसायकलींत हा दाब अडीच ते तीन किलोच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा. इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे आत बसवलेला छोटा संगणक ठरवतो. तो इंजिन किती गरम आहे, हवा किती गरम आहे, क्रँक कोठे आहे हे सेन्सरांकडून विचारून घेतो. सेन्सरने खोटी साक्ष दिली तर संगणकाचा निकालही चुकीचाच लागणार.

बोटीच्या इंजिनात आणखी एक भाग असतो. इंजिनाच्या अंगालाच एक छोटी टाकी असते, तिला व्हेपर सेपरेटर म्हणतात. मोठ्या टाकीतून रबरी पाइप आणि हाताने दाबायचा बल्ब यांतून पेट्रोल येते, इंजिनावरचा साधा पंप ते खेचून या छोट्या टाकीत भरतो आणि तेथून विजेचा पंप ते दाबाने इंजेक्टरकडे पाठवतो. म्हणजे एका इंजिनात पेट्रोलचे दोन प्रवास आहेत: पहिला ओढीचा, दुसरा दाबाचा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आमच्या हकिकतीची किल्ली येथेच आहे.

बंद केल्यावर इंजिन अधिक तापते

सर्वसाधारण समज असा की किल्ली बंद केली की इंजिन थंड होऊ लागते. ते खरे, पण लगेच नाही. चालू असताना नदीचे पाणी आत फिरून उष्णता घेऊन जाते. बंद करताच पाण्याचा पंप थांबतो. लोखंडात साठलेली उष्णता आता झाकणाखालीच कोंडते आणि आजूबाजूच्या नळ्यांत, छोट्या टाकीत, सेन्सरांत शिरते. साधारण पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत हे भाग चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो हे आपल्याला ठाऊक आहे. अशा उन्हात काळ्या झाकणाखाली काय होत असेल याची कल्पना करावी.

पेट्रोलमधील सर्वांत हलका भाग ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतो. मग चालत्या इंजिनात ते का उकळत नाही? दाबामुळे. घरातील प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांवरही उकळ्या फोडत नाही आणि शिटी उचलली की एकदम वाफ सुटते. तोच हा न्याय. नळीत तीन किलोचा दाब आहे तोवर पेट्रोल शहाणे असते. दाब गळाला की त्याची वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही आणि इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी फुसकी हवा येते. सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही आहे. दहा टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२२ मध्ये गाठले. वीस टक्क्यांचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सर्वत्र पोहोचले. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांवर उकळते. पण थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले की मिश्रणाची वाफ होण्याची ओढ वाढते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते, सैल करते. इथेनॉल वाईट आहे, असे आम्हाला सांगायचे नाही. उसाच्या आणि धानाच्या शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे. परंतु पंधरा वर्षांपूर्वीची रबरी नळी आजच्या पेट्रोलला टिकेल, हे गृहीत धरू नये.

पाना उचलण्याआधी पाच प्रश्न

हकीम नाडी पाहण्याआधी विचारपूस करतो. मिस्त्रीनेही तेच करावे. गिऱ्हाइकाला पुढील पाच गोष्टी विचाराव्यात.

एक, बंद केल्यावर दोन मिनिटांत लावले तर लागते का? लगेच लागते आणि अर्ध्या तासाने लागत नाही, तर संशय कोंडलेल्या उष्णतेवर आणि पेट्रोलच्या वाफेवर. लगेचसुद्धा लागत नसेल तर सेन्सर, प्लगची ठिणगी किंवा बॅटरीकडे पाहावे.

दोन, सेल्फ मारताना पेट्रोलचा उग्र वास, काळा धूर येतो का? येत असेल तर पेट्रोल जास्त होत आहे. वास अजिबात नसेल तर पेट्रोल पोहोचतच नाही.

तीन, किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घूंघूं ऐकू येते का?

चार, सेल्फ नेहमीच्या जोराने फिरतो की जड फिरतो?

पाच, आणि हा सर्वांत महत्त्वाचा: ‘‘मग तू काय करतोस म्हणजे ते लागते?’’ गिऱ्हाइकाने नकळत काही युक्ती शोधलेली असते. कोणी थ्रॉटल पूर्ण देतो, कोणी झाकण उघडून ठेवतो, कोणी बल्ब दाबतो. त्या युक्तीतच निदान दडलेले असते.

पेट्रोल कमी पडत असेल तर

किल्ली तीन-चार वेळा फक्त चालू-बंद करावी, सेल्फ मारू नये. प्रत्येक वेळी पंप थोडा वेळ फिरून दाब भरतो. त्यानंतर एका सेल्फला इंजिन लागले, तर दाब गळतो आहे किंवा वाफ धरते आहे हे जवळजवळ नक्की. इंजेक्शनच्या नळीवर ओला फडका ठेवून लागले, तर तीच साक्ष आणखी पक्की.

मग प्रेशर गेज लावावा. दाब पुस्तकाप्रमाणे आहे का ते पाहावे आणि किल्ली बंद करून दहा मिनिटे काट्यावर नजर ठेवावी. काटा किंचित खाली येणे साहजिक आहे. धाडकन शून्यावर आला तर तीन संशयित: पंपातील एकमार्गी झडप, दाब राखणारा रेग्युलेटर, किंवा टपकणारा इंजेक्टर. गेज लावण्याआधी नळीतील दाब कापड धरून उतरवावा, बॅटरीची तार काढावी आणि जवळ बिडी, स्टोव्ह, वेल्डिंग काहीही नसावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. ज्या बोटीत पेट्रोल इंजिन आत बसवलेले असते, तेथे तर सेल्फ मारण्याआधी तळातील हवा काढणारा पंखा चार-पाच मिनिटे चालवणे हा नियमच आहे.

दाबाची बाजू ठीक निघाली तर ओढीची बाजू तपासावी. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे का? पाणी वेगळे करणारा फिल्टर तुंबला आहे का? रबरी नळी आतून सुटली किंवा चिमटली आहे का? जोडाच्या क्लिपातून हवा खेचली जाते का? ओढ अडली की नळीतील दाब वातावरणापेक्षाही कमी होतो आणि कमी दाबात पेट्रोल आणखी लवकर उकळते. थंड असताना ही अडचण लपून राहते, गरम झाल्यावर उघडी पडते.

पेट्रोल जास्त होत असेल तर

प्लग काढल्यावर ओला आणि काळा दिसेल. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारल्यास बहुतेक इंजेक्शन इंजिनांचा संगणक पेट्रोल तोडतो आणि आत साचलेले बाहेर फेकले जाते. बोटीत हे गियर न्यूट्रलमध्ये ठेवूनच करावे. या युक्तीने इंजिन लागत असेल तर तीन ठिकाणी शोध घ्यावा.

पहिले, टपकणारा इंजेक्टर. दुसरे, छोट्या टाकीतील फ्लोटची सुई. ती अडकली तर टाकी भरून वाहते आणि पेट्रोल थेट हवेच्या वाटेने इंजिनात जाते. तिसरे, पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर. हा सेन्सर थंड असताना जास्त आणि गरम असताना कमी ओहम दाखवतो. अनेक इंजिनांत २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असे प्रमाण असते. तो बिघडून इंजिन थंडच असल्याचे सांगू लागला, तर संगणक गरम इंजिनाला थंडीचा खुराक देतो. तपासणी घरच्या पातेल्यात होते. सेन्सर काढून कोमट, मग गरम पाण्यात धरावा आणि मल्टिमीटरवर आकडा हळूहळू उतरतो का ते पाहावे. मध्येच उडी मारली किंवा स्थिर राहिला तर सेन्सर गेला.

ठिणगीच नसेल तर

पिकअप कॉइल, म्हणजे क्रँकचा सेन्सर, आत बारीक तारेचा बनलेला असतो. जुन्या कॉइलमध्ये एखादी तार तुटलेली असते. थंड असताना ती टेकून असते, तापून पसरली की सुटते. मग ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही, कारण संगणकाला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही. इंजिन रुसलेले असतानाच कॉइलचे ओहम मोजावेत, थंड झाल्यावर मोजून उपयोग नाही. कॉइलवर ओला फडका ठेवून थोड्या वेळाने इंजिन लागले तर निदान झाले.

बॅटरीबद्दलही हेच. गरम सेल्फ जास्त करंट खातो. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर संगणक आणि पंप दोघेही नीट काम करीत नाहीत. पण म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नये. आधी तारांची टोके आणि अर्थिंग घासून स्वच्छ करावे आणि सेल्फ मारताना एकाच तारेच्या दोन टोकांत किती व्होल्ट हरवतात ते मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असतील तर दोष तारेत आहे.

मुळात इंजिन जास्तच तापत असेल तर

मागून पाण्याची बारीक धार पडते ती जोरदार आहे का? वैनगंगेची वाळू पाण्याच्या पंपातील रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, खाऊन टाकते. तलावात शेवाळ आणि वेली पाण्याच्या जाळीत अडकतात. आसोलामेंढ्यासारख्या मोठ्या तलावापासून गावोगावच्या मामा तलावांपर्यंत हीच कथा. हंगामाला एकदा इम्पेलर पाहावा आणि पाकळ्या वाकल्या असतील तर बदलावा. इंजिन कोरडे कधीही चालवू नये, काही क्षणांतच इम्पेलर जळतो. दुकानात तपासताना ड्रममध्ये पाणी भरून त्यात खालचा भाग बुडवावा.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द

कोकणात मिरकरवाडा, हर्णैसारख्या बंदरांतील आपल्या मच्छीमार बांधवांच्या ट्रॉलरवर आणि इकडे धानाच्या शेतातील ट्रॅक्टरवर डिझेल इंजिन असते. त्यातही ‘गरम झाले की लागत नाही’ ही तक्रार येते, पण कारण वेगळे असते. झिजलेल्या इंजेक्शन पंपात गरम आणि पातळ झालेले डिझेल फटीतून मागे गळते, सेल्फच्या मंद वेगात पुरेसा दाब तयार होत नाही. इंजिन बंद असताना पंपावर ओला फडका गुंडाळावा. थोड्या वेळाने लागले तर पंप झिजला, असे जुने उस्ताद सांगतात आणि ते बरोबर आहे. मात्र चालत्या, तापलेल्या पंपावर गार पाण्याची बादली ओतू नये. पंप जाम होऊन हजारांचे काम लाखावर जाईल.

चाचांच्या दुकानात पुढे काय घडले

पंप बदलूनही इंजिन रुसले तेव्हा चाचांनी त्या तरुणाला स्टुलावर बसवले, चहा मागवला आणि पहिल्यांदा तो पाचवा प्रश्न विचारला. ‘‘खरं सांग बाबा, तिकडे अडकतोस तेव्हा घरी कसा येतोस?’’

तरुण म्हणाला, ‘‘नळीचा बल्ब आहे ना जी, तो दाबून दाबून कडक केला का लागते. तिथूनच येतो.’’

‘‘मग आधी का नाही सांगितलं?’’

‘‘कोनी इचारलंच नाही जी.’’

चाचा काही वेळ गप्प बसले. बल्ब दाबून इंजिन लागते याचा अर्थ सरळ होता. उन्हात उभे राहून छोट्या टाकीतले पेट्रोल उकळून कमी होत होते आणि मोठ्या टाकीकडून ते परत भरले जात नव्हते. अडचण ओढीच्या बाजूला होती. विजेचा पंप निर्दोष होता. त्यांनी दुसऱ्या बोटीची टाकी आणि नळी मागून आणली, जोडली आणि दोघे नदीवर गेले. वीस मिनिटे चालवले, भर दुपारी अर्धा तास थांबले आणि किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला इंजिन लागले. जुनी नळी चिरून पाहिली तेव्हा आतले अस्तर फुगून सुटले होते आणि ओढ लागली की तेच वाट अडवत होते. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रूही गंजून अर्धा मिटला होता. इथेनॉलला टिकणारी नवी नळी, बल्ब आणि झाकण, एवढ्यात काम झाले. एकूण खर्च पंपाच्या किमतीपुढे किरकोळ होता.

आता प्रश्न पंपाच्या पैशांचा. बाजाराची रीत अशी की विजेचा सुटा भाग एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही आणि ‘‘जुनाच होता, बदलला ते बरेच झाले’’ असे सांगून मिस्त्री मोकळा होतो. गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. चाचांनी तसे केले नाही. त्यांनी जुना पंप परत बसवला, नवा आपल्या फळीवर ठेवला, मजुरी सोडून दिली आणि पंपाची रक्कम पुढच्या दोन हंगामांच्या कामात वळती करायचे ठरवले. ‘‘चूक माझी होती, मी न विचारता निदान केलं,’’ एवढेच ते म्हणाले.

कुरआन शरीफमध्ये मापात कमी देणाऱ्यांविषयी ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक स्वतंत्र सूरह आहे. ती केवळ तागडी धरणाऱ्या दुकानदारासाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. अंदाजाने भाग बदलून पूर्ण दाम घेणे हेही माप कमी देण्यासारखेच आहे. विदर्भातील गावोगावी गॅरेज, वेल्डिंग, वायरिंग आणि पंप-दुरुस्तीच्या धंद्यात आपली कितीतरी माणसे आहेत. त्यांचे भांडवल म्हणजे दुकानावरची पाटी नव्हे, लोकांचा विश्वास आहे. त्या तरुणाने पुढे आपल्या ओळखीचे दोन बोटवाले चाचांकडे आणले. बरकत म्हणतात ती हीच.

पावसाळ्यापूर्वीची खरी तपासणी

या हकिकतीतून एक सूचना निघते. पूर-बचावाच्या किंवा नदी ओलांडण्याच्या बोटी पावसाळ्याआधी तपासायच्या म्हणजे इंजिन बाहेर काढायचे, एकदा सेल्फ मारायचा, लागले की ‘ठीक’ लिहायचे, असा सर्वसाधारण प्रघात असतो. ही तपासणी थंड इंजिनाची झाली. पुरात बोट घराच्या छपराला टेकवून माणसे उतरवून घेतली जातात तेव्हा इंजिन बंद असते आणि गरम असते. त्या वेळी ते लागले नाही तर बोट प्रवाहाच्या हवाली. म्हणून प्रत्येक बोटवाल्याने, मच्छीमार संस्थेने आणि ज्यांच्या ताब्यात बचावाच्या बोटी आहेत त्या सर्वांनी पुढील रीत पाळावी.

इंजिन पाण्यात वीस मिनिटे चालवावे. बंद करून झाकण न उघडता अर्धा तास थांबावे. मग बल्ब न दाबता, थ्रॉटल न देता एकदा सेल्फ मारावा. पाच सेकंदांत लागले तरच ‘ठीक’ लिहावे. ही परीक्षा मे महिन्यातील दुपारी घ्यावी. त्या उन्हात जे इंजिन उत्तीर्ण झाले, ते पावसाळ्यात सहसा दगा देणार नाही. रबरी नळी, बल्ब आणि फिल्टर यांचा एक जादा संच बोटीत ठेवावा. फिल्टरच्या वाटीत साचलेले पाणी दर आठवड्याला काढावे आणि मागच्या हंगामाचे पेट्रोल टाकीत ठेवू नये. आणि इंजिन कितीही भरवशाचे असले तरी वल्ही, दोर आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट असल्याशिवाय बोट काठावरून हलवू नये.

मिस्त्री बांधवांनी एक प्रेशर गेज, एक चांगला मल्टिमीटर आणि एक वही घ्यावी. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी आणि समोर ते पाच प्रश्न लिहावेत. नव्या शागीर्दाला पाना देण्याआधी ही वही द्यावी. महाग स्कॅनर नंतर घेता येईल. विचारण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लागते.

परवा व्याहाडच्या बाजूने जाताना आम्ही चाचांच्या दुकानात डोकावलो. तो पंप अजून फळीवर आहे. त्यावर त्यांनी खडूने तारीख लिहून ठेवली आहे. विकायचा का, असे आम्ही विचारले. ‘‘नाही,’’ ते म्हणाले, ‘‘पोरांना दाखवायला ठेवला आहे.’’

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी अशी इंजिने हाताळली असतील त्यांनी आपले अनुभव आम्हांला जरूर कळवावेत. इन्शाअल्लाह, उपयुक्त वाटतील ते याच पानावर देऊ.